कॅनडात मूलनिवासी बायकांच्या संस्थेचं मुख्य पद मी घ्यावं का?

निवांत_पाखरू:
नमस्कार मंडळी, जरा गोंधळलेय. कॅनडात येऊन १४ वर्षं झाली, त्यातली ५ एका छोट्या नॉनप्रॉफिटमध्ये हिशेब बघतेय. फर्स्ट नेशन्स, मेटी, इन्युइट (इथले तीन मूलनिवासी समाज) बायका, त्यांची मुलं, कुटुंबं यांच्यासाठीची संस्था. आमच्या डायरेक्टर स्वतः क्री (फर्स्ट नेशन्सपैकी एक समाज) आहेत, त्या आता रिटायर होतायत आणि बोर्ड म्हणतंय वर्षभर तू सांभाळ. पैशाचं मला जमेल, ग्रँटचे रिपोर्ट, ऑडिट, ३१ मार्चच्या आत सगळं खर्ची पडलंच पाहिजे ही पळापळ, ते अंगवळणी पडलंय.

पण मागच्या महिन्यात काय झालं सांगते. फंडिंग देणाऱ्यांना आकडे हवेत म्हणून मी एक फॉर्म केला, नाव, पत्ता, मुलांची वयं, घरी कोण कोण राहतं. एक तरुण आई बाबागाडी घेऊन डायपर न्यायला आली होती, मी क्लिपबोर्ड हातात दिला, तिने दोन ओळी भरल्या, तिसऱ्या प्रश्नावर पेन खाली ठेवलं आणि डायपर न घेताच निघून गेली. बाळाची बाटली टेबलावरच राहिली. स्वयंपाकघरातल्या आजी (क्रीमध्ये आजीला कोकम म्हणतात, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला सोलकढीच आठवली) मला बाजूला घेऊन म्हणाल्या, आमच्या घरीही एक बाई असाच कागद घेऊन आली होती. पुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. अशा माणसाने त्या खुर्चीत बसावं का?

गडद_कॉफी:
त्या कागदाची भीती उगाच नाहीये हो. मूलनिवासी मुलांना घरापासून तोडून ठेवायच्या रेसिडेन्शियल शाळा १९९० च्या दशकापर्यंत चालू होत्या, मधल्या काळात साठच्या दशकापासून मुलं उचलून परक्या घरांत दत्तक दिली, आणि आजही २०२१ च्या जनगणनेत १५ वर्षांखालच्या मुलांमध्ये मूलनिवासी ७.७ टक्के, पण फॉस्टर केअरमधल्या, म्हणजे आईबापांपासून काढून परक्या घरी ठेवलेल्या मुलांमध्ये ५३.८. या आईवर लक्ष ठेवा असं बालकल्याणवाल्यांनी बाळ जन्मायच्या आधीच हॉस्पिटलला कळवून ठेवायची पद्धत होती, बर्थ अलर्ट म्हणायचे, ब्रिटिश कोलंबियाने ती २०१९ मध्ये बंद केली, म्हणजे काल-परवाची गोष्ट. तुमच्या फॉर्ममधला तिसरा प्रश्न तिला कुणाचा वाटला असेल बघा.

उंबरठा:
मी स्पष्टच सांगते, घेऊ नका. राग मानू नका. २०२० पासून लागू झालेल्या कायद्याने फर्स्ट नेशन्स, इन्युइट, मेटी यांचा आपल्या मुलांसाठी आपले कायदे करायचा हक्क मान्य केलाय, फेब्रुवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तो कायदा उचलून धरला. सगळं त्या दिशेने चाललंय आणि संस्थेच्या डोक्यावर परत बाहेरची बाई? हिशेब येतो म्हणून मुख्य पद, ही सोय बोर्डाची आहे, तिथे येणाऱ्या बायकांची नाही. बोर्डावर त्यांच्यातल्या किती जणी आहेत ते आधी बघा.

डबा_वेळेवर:
उंबरठाताईंचं पटतं पण संस्था बंद पडली तर डायपर कोण देणार? मी अशाच ठिकाणी दोन नंबरवर काम केलंय. घेतलंत तर तारीख लिहून घ्या आणि तुमचं पहिलं काम आतलीच बाई तयार करणं, हेही लेखी.

फॉर्म फाडा. माहिती त्यांची, ती कुणाकडे राहणार आणि कोण बघणार हे त्यांनी ठरवायचं, फर्स्ट नेशन्समध्ये याला ओकॅप म्हणतात, वाचाच. फंडरला आकडा हवाय ना, डायपरची पाकिटं मोजा, आया कशाला मोजता.

दुसरं, एल्डरला, म्हणजे समाजातल्या मानाच्या वडीलधाऱ्यांना, बोलावताना आधी तंबाखूची पुरचुंडी देऊन विचारायचं, ईमेल नाही, आणि मानधन त्याच दिवशी हातात. आमच्याकडे चेक ३० दिवसांनी निघायचा, लाज वाटायची. तुम्ही हिशेबातल्या, हे तुम्हीच बदलू शकता.

आणि जॉर्डन्स प्रिन्सिपल नावाचा नियम आहे, तो आयांना सांगा, बऱ्याच जणींना माहीतच नसतं. जॉर्डन नावाचा मुलगा, मॅनिटोबातल्या नॉर्वे हाउसचा, घरच्या देखभालीचे पैसे केंद्राने द्यायचे की प्रांताने या भांडणात दोन वर्षांच्या वर हॉस्पिटलमध्येच अडकला आणि २००५ मध्ये पाच वर्षांचा असताना तिथेच गेला. म्हणून आता फर्स्ट नेशन्सच्या मुलाला आधी सेवा, बिलाचं भांडण नंतर. निदान कागदावर तरी. थेरपी, व्हीलचेअर, यासाठी अर्ज करता येतो, आणि तो अर्ज भरायला शेजारी बसणारं माणूस लागतं, तिथे तुमचं कागदपत्रांचं कौशल्य लावा.

निवांत_पाखरू:
सगळ्यांचे आभार, उंबरठाताई राग अजिबात नाही, दोन दिवस डोक्यात तेच होतं. बोर्डाला कळवलंय, मुख्य पद नको, आमची आउटरीच (बाहेर जाऊन बायकांना भेटायचं काम) बघणारी अनिशिनाबे, म्हणजे फर्स्ट नेशन्समधलीच, मुलगी आहे तिला द्या, मी मागे बसून ग्रँट आणि ऑडिट ओढते. ती म्हणाली विचार करून सांगते, बघू. फॉर्म काढून टाकलाय.

एकच शंका राहिली, एल्डरना मानधन त्याच दिवशी द्यायचं ठीक, पण वर्षात ५०० डॉलरच्या वर गेलं की टी४ए (दिलेल्या पैशाची टॅक्ससाठीची स्लिप) काढावा लागतो, त्यासाठी सिन नंबर (सरकारी ओळख क्रमांक) मागायचा म्हणजे परत कागदच पुढे करायचा. तुमच्याकडे हे कोण विचारतं आणि कसं?