छोटं विमान भाड्याने घेताना ताशी दर कमी दिसतो तेच खरंच स्वस्त पडतं का?

नवा_पंखवाला

मंडळी, प्रायव्हेट पायलटचं लायसन्स मिळून दोन महिने झाले. शिकत होतो तोवर स्कूल जे बिल लावायचं ते गुमान भरायचो, कुठलं विमान, किती दर, कशाचे पैसे, काही विचारायचो नाही कारण डोक्यात फक्त चेकराइड, म्हणजे लायसन्ससाठीची उडण्याची परीक्षा. आता पहिल्यांदा स्वतःच्या हौसेसाठी विमान भाड्याने घ्यायचंय आणि तीन ठिकाणचे दर समोर ठेवून बसलोय तर डोकं चक्रावलंय.

चलनाच्या भानगडीत न पडता सगळ्यात स्वस्त विमानाचा दर १०० धरतो, बाकीचं त्याच्या तुलनेत समजून घ्या.

सेसना १५२, दोन सीटचं, तासाला १००, वेट, हॉब्स मीटरवर. त्याच स्कूलकडे सेसना १७२ एस आहे, चार सीटचं, तासाला १२५, तेही वेट आणि हॉब्सवर. आणि तिसरं एका फ्लाइंग क्लबचं पायपर वॉरियर, तासाला फक्त ८०, पण ड्राय आणि टॅकवर, शिवाय महिन्याला ६० वर्गणी आणि सुरुवातीला एकदाच ३०० भरायचे जे परत मिळत नाहीत.

वर्षाला साधारण ४० तास उडेन, खिसा त्याहून जास्त परवानगी देत नाही. कधी एकटाच तासभर फिरून येणार, कधी बायकोला घेऊन शनिवारी जाऊन रविवारी परत. ८० वालं सरळ स्वस्त दिसतंय तरी मित्र म्हणतो ते सगळ्यात महाग पडेल. कसं काय?

आडवा_वारा

अभिनंदन, आता खरा खर्च सुरू 😄

मित्र अर्धा बरोबर आहे. वेट म्हणजे इंधन भाड्यात धरलेलं आणि ड्राय म्हणजे इंधन तुमच्या खिशातून, त्यामुळे १०० आणि ८० ही तुलनाच होत नाही, एकात जेवण धरलंय आणि दुसरी नुसती खोली आहे. आधी सगळे दर एका पातळीवर आणा.

१५२ चं ११० हॉर्सपॉवरचं इंजिन तासाला साधारण २३ लिटर पितं. वॉरियरला १६० हॉर्सपॉवर, ते ३२ च्या आसपास जाईल. १७२ एस ला १८० हॉर्सपॉवर, ३५ च्या जरा वरखाली, तुम्ही मिक्स्चर कसं लीन करता, म्हणजे हवेच्या मानाने इंधन किती कमी सोडता त्यावर. आता तुमच्याकडे इंधन काय भावाने मिळतं ते तुमच्या त्या १०० च्या हिशेबात सांगा म्हणजे पुढचं बोलता येईल.

नवा_पंखवाला

१०० च्या हिशेबात लिटरला साधारण दीड पडतो. म्हणजे वॉरियरचं इंधनच ४८ झालं की! ८० अधिक ४८ म्हणजे १२८, अरे हे तर १७२ पेक्षा महाग निघालं. मित्राला चहा पाजावा लागणार बहुतेक.

आडवा_वारा

थांबा, एवढ्यात नको पाजू चहा. टॅक राहिला ना.

हॉब्स म्हणजे साधं घड्याळ समजा. बहुतेक ट्रेनर विमानांत ते ऑइल प्रेशरच्या स्विचला जोडलेलं असतं, इंजिन सुरू झालं की पळायला लागतं आणि बंद केलं की थांबतं, तुम्ही उडताय का टॅक्सीवेवर कुणाची तरी वाट बघत उभे आहात त्याला काही देणंघेणं नाही. टॅकचा तास मात्र इंजिनच्या फेऱ्यांवर मोजला जातो, क्रूझच्या एका ठरावीक आरपीएमला तो खऱ्या तासाइतका पळतो आणि आयडलला रांगतो. नेहमीच्या फ्लाइटमध्ये टॅक हॉब्सपेक्षा १० ते २० टक्के कमी दाखवतो. मधला आकडा धरू, हॉब्सचा एक तास म्हणजे टॅकचा ०.८५.

मग ८० गुणिले ०.८५ म्हणजे ६८, त्यात इंधन ४८, झाले ११६. इंधन मात्र खऱ्या तासावरच धरायचं, इंजिन चालू आहे तोवर ते पितंच. तर वॉरियर परत १७२ च्या खाली आलं.

मेकॅनिकल_काका

टॅकबद्दल थोडं जास्त सांगतो कारण हॅंगरमध्ये रोज बघतो. मेन्टेनन्सचे तास सहसा टॅकवरच मोजतात, ५० तासाला तेल, १०० तासाला इन्स्पेक्शन, इंजिनचा ओव्हरहॉल, म्हणजे सगळं खोलून दुरुस्ती, २००० तासांना (वॉरियरमधल्या लायकमिंग इंजिनाची ही कंपनीने सुचवलेली मुदत, १५२ च्या इंजिनाच्या काही मॉडेलना २४०० पण आहे). त्यामुळे टॅकवर भाडं घेणारा मालक इंजिनची झीज जेवढी तेवढेच पैसे घेतो आणि हॉब्सवाला तुमच्या टॅक्सीचे पण घेतो, वाईट कुणीच नाही, दर ठरवताना त्याने ते धरलेलं असतं, फक्त तुम्ही दोन वेगळ्या घड्याळांचे दर शेजारी ठेवून बघू नका.

आणि एक माणसांचा स्वभाव सांगतो. हॉब्सवर भाड्याने घेणारे जमिनीवर घाई करतात. रनअप (उडण्याआधीची इंजिनची तपासणी) उरकायचा, चेकलिस्ट वाचल्यासारखी करायची, तेल गरम व्हायच्या आत थ्रॉटल पुढे, का तर मीटर पळतोय. टॅकवाले निवांत असतात जमिनीवर पण वर गेल्यावर आरपीएम कमी ठेवून रमतगमत येतात. वेटवाले मिक्स्चर लीन करतच नाहीत, इंधन कुठे आपलंय म्हणून, आणि मग शिशाने भरलेले स्पार्क प्लग मी खरवडत बसतो. ड्रायवाला मात्र बरोब्बर लीन करतो, खिशाला लागलं की माणूस पुस्तक उघडतो.

ढगातली_मावशी

सगळे तासाचंच बोलताय. अहो, तास विकत घ्यायचाय का अंतर कापायचंय ते आधी ठरवा ना.

नुसतं फिरून यायचं असेल तर तासाचा दर बघा, १५२ ला तोड नाही. पण कुठे जायचं असेल तर मैलाचा दर बघायचा. समजा २०० नॉटिकल मैल जायचंय. १५२ चा वेग ९५ नॉट (तासाला ९५ नॉटिकल मैल) धरा, १७२ एस चा ११५, दोन्ही जरा हात राखून धरलेत. वारा नसेल तर १५२ ला २.१ तास लागतात, खर्च २१० च्या आसपास. १७२ ला १.७४ तास, खर्च २१७. फरक किती, ७! दर २५ टक्के जास्त असून प्रवास जेमतेम ३ टक्के महाग.

आता समोरून २० नॉटचा वारा घ्या. १५२ चा ग्राउंडस्पीड, म्हणजे जमिनीच्या मानाने वेग, ७५ झाला, २.६७ तास, २६७. १७२ चा ९५ झाला, २.१ तास, २६३. महाग विमान स्वस्त झालं! समोरचा वारा हळू विमानाला जास्त रडवतो, शिकताना हे कुणी सांगत नाही आणि पहिल्या लांब फ्लाइटला बिल बघून कळतं. मी याच कारणाने एकदा इंधनाला मध्ये उतरले, ज्याचा हिशेबात पत्ताच नव्हता, उतरण्याचे पैसे वेगळे, परत चढायला लागणारा वेळ वेगळा.

आणि बायकोला घेऊन जाणार म्हणता तर १५२ चं वजन आधी मोजा हो. रिकामं विमान वजा केल्यावर माणसं, सामान, इंधन सगळं मिळून २४० किलोच्या आसपास उचलतं. टाकी पूर्ण भरली की इंधनाचेच ६५-६७ किलो गेले. राहिले १७० च्या आसपास, त्यात तुम्ही दोघं आणि बॅग. आमच्या घरी हा विषय काढायची सोय नाही, म्हणून मी सरळ १७२ घेते.

नवा_पंखवाला

मावशी 😂 आमच्या घरी पण नाही. १५२ दोघांसाठी बाद.

मग वॉरियर आणि १७२ मध्ये बघू. वॉरियर ११६ आणि १७२ चे १२५. पण वर्गणी! वर्षाची ७२० होते, ४० तासांवर वाटली तर तासाला १८, म्हणजे ११६ चे १३४ झाले. आणि पहिल्या वर्षी ते ३०० धरले तर आणखी साडेसात. परत महाग!! दर वेळी नवीन काहीतरी धरलं की उत्तर उलटं होतंय, वेड लागेल.

आडवा_वारा

हो, क्लबचं गणित तासांवर असतं. तासाला ९ वाचतात तर ७२० फिटायला ८० तास हवेत. वर्षाला ८० तास उडालात तर बरोबरी, १०० तास उडालात तर क्लब स्वस्त. ४० ला नाही. बाकी दोनचार जण मिळून विमान विकत घ्यायच्या गप्पा कुणी मारायला लागला तर वर्षाचे १०० तास होईस्तोवर कानावर घेऊ नका, विमान नुसतं उभं असलं तरी इन्शुरन्स आणि हॅंगर चालूच असतात.

पावती_जपणारा

शनिवारी जाऊन रविवारी परत असं वर लिहिलंय त्यावर कुणीच कसं बोललं नाही? रोजचे किमान तास विचारलेत का? बऱ्याच ठिकाणी विमान रात्री बाहेर ठेवलं तर दिवसाला २ किंवा ३ तासांचं भाडं लावतात, उडवा नाहीतर दोरीने बांधून ठेवा. त्यांचं पण बरोबर आहे, ते विमान शनिवारी दिवसभर शिकणाऱ्यांना देऊन त्यांनी सहा तास कमावले असते.

अजून विचारा: इन्शुरन्समध्ये काही झालं तर पहिली किती रक्कम तुमच्या अंगावर येते. मी पहिल्या वर्षी हे वाचलंच नव्हतं. टॅक्सी करताना विंगटिप (पंखाचं टोक) एका खांबाला जेमतेम घासली, माझीच चूक, आणि त्या अंगावरच्या रकमेत माझं पुढच्या पाच महिन्यांचं उडणं गेलं. भाड्याने घेणाऱ्यासाठी वेगळी पॉलिसी मिळते ती घ्या आणि तिचा वर्षाचा हप्ता पण हिशेबात धरा. बाहेर इंधन भरलं तर वेटवाले पैसे परत देतात पण सहसा आपल्या घरच्या फील्डच्या भावाने, बाहेर महाग असेल तर वरचा फरक तुमचा. पावती जपा, माझं नाव उगीच नाही.

तासांचा गठ्ठा आधी पैसे भरून घेतला तर सूट देतात. थोडा घ्या, पाच-दहा तासांचा. जास्त भरून ठेवले आणि विमान दोन महिने इंजिनासाठी उतरवलं तर तुमचे पैसे पण त्याच्याबरोबर हॅंगरमध्ये.

मेकॅनिकल_काका

याला जोडून, विमान किती वेळा मिळतं ते विचारा. क्लबमध्ये एका विमानामागे किती मेंबर आहेत? ८० दर असून दर शनिवारी कुणीतरी दुसरंच घेऊन गेलेलं असेल तर त्या ८० ला काय चाटायचंय. त्यापेक्षा बुकिंगचं कॅलेंडर दाखवा म्हणायचं, लपवलं तर समजून जायचं.

आणि विमान जास्त दिवस हातात आलं नाही की वेगळाच खर्च येतो. बहुतेक ठिकाणी प्रवासी बसवायचा तर मागच्या ९० दिवसांत तुमचे ३ टेकऑफ आणि ३ लँडिंग झालेले पाहिजेत, शिवाय क्लबचा स्वतःचा नियम त्याहून कडक असतो, ३० किंवा ६० दिवस उडाला नाहीत तर इन्स्ट्रक्टरबरोबर एक फेरी. त्या फेरीचे विमानाचे पैसे अधिक इन्स्ट्रक्टरचे.

नवा_पंखवाला

पावतीवाल्या भाऊंना दंडवत. स्कूलचा करार काढून वाचला, सहाव्या पानावर बारीक अक्षरात: रात्रभर बाहेर ठेवल्यास दिवसाला किमान ३ तास. क्लबमध्ये फोन केला तर तिथे दिवसाला १ तास.

आमची नेहमीची शनिवार-रविवारची ट्रिप जाऊन येऊन ४ तासांची आहे. १७२ ला दोन दिवसांचे ६ तास लागणार म्हणजे ७५०. वॉरियरला ४ तासच, ४६४. एका ट्रिपला २८६ चा फरक! वॉरियर जरा हळू आहे म्हणून पाव तास जास्त धरला तरी अडीचशेच्या वरच फरक राहतो. वर्षाला तीन ट्रिपा केल्या की वर्गणी वसूल, आणि आमच्या कमीत कमी पाच होतात. म्हणजे उत्तर परत उलटं झालं आणि यावेळी तिथेच राहिलं.

कॅलेंडर पण मागितलं, लगेच दाखवलं त्यांनी. एका विमानामागे १२ मेंबर, शनिवार महिन्यातले दोन तरी मोकळे दिसतायत. एकट्याने तासभर फिरायला मात्र १५२ च ठेवतो, १०० मध्ये सगळं आलं आणि दोन्ही सिंगल इंजिन असल्यामुळे हात पण बसलेला राहील.

फक्त क्लबचं चेकआउट (इन्स्ट्रक्टरबरोबरची चाचणी फेरी) राहिलंय, त्याचे दीड-दोन तास इन्स्ट्रक्टरसकट वेगळे, ते पहिल्या वर्षात धरलेत. वॉरियर लो विंग आहे, पंख खाली असलेलं, आणि तसं मी कधी चालवलं नाहीये, काही लक्षात ठेवू का?

ढगातली_मावशी

इंधनाची टाकी! सेसनात सिलेक्टर (कुठल्या टाकीतून इंधन घ्यायचं तो खटका) दोन्ही टाक्यांवर एकदम ठेवायची सवय असते, वॉरियरमध्ये डावी किंवा उजवी, दोन्ही एकदम नाही. टाकी बदलायला मी फोनवर दर अर्ध्या तासाने गजर लावते. आणि लँडिंगला जमिनीजवळ आलात की ते तरंगत बसतं, स्पीड जास्त आणू नका.

मेकॅनिकल_काका

दार एकच आहे, उजवीकडे, आणि त्याला वरची कडी वेगळी असते, ती विसरतात लोक. रनअप सावकाश करा, टॅकवर आहात.

नवा_पंखवाला

गजराचं लिहून घेतलं. चेकआउट शनिवारी सकाळी आहे, अंदाज बघतोय तर १२ नॉटचा आडवा वारा दिसतोय, आडवा_वारा भाऊ तुमचं काही चालत असेल तर बघा.