विषय: दादाच्या खांद्याचं ऑपरेशन – करावं की थांबावं?

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीत, द्राक्षाचा माल काढायच्या ऐन धांदलीत, नाशिकहून पिंपळगावला परतताना ओझरजवळ दादाच्या गाडीला मागून जोरात धडक बसली. उजवा हात स्टिअरिंगवर आणि पट्टाही त्याच खांद्यावरून. एक्स-रे स्वच्छ आला, ‘मुका मार आहे, जाईल’ म्हणून गोळ्या दिल्या.

आज पाच महिने झाले. उजव्या कुशीवर झोपता येत नाही. एप्रिलची खरड छाटणी त्याने डाव्या हातावर निभावून नेली. आता एमआरआयमध्ये सुप्रास्पायनॅटसचा (हात वर उचलणाऱ्या खांद्याच्या स्नायूचा) ‘फुल थिकनेस टिअर’ आलाय, म्हणजे त्याचा टेंडन आरपार फाटलाय. मुंबई नाक्याचे डॉक्टर म्हणतात लगेच दुर्बिणीने शिवून घ्या, गंगापूर रोडचे म्हणतात आधी तीन महिने फिजिओ करा. दादा म्हणतो, ऑक्टोबरची छाटणी होऊ दे, मग बघू. वय 47, शुगर नाही. इथे बसून मी त्याला काय सांगू?

– पिंपळगावकर

---

पिंपळगावकर भाऊ,

मी डॉक्टर नाही, पण याच वाटेने गेलेली आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी एक करून बघा. दादांना हात सैल सोडायला सांगा आणि वहिनींना तो हळूहळू वर न्यायला सांगा. दुसऱ्याने उचलूनही वर जात नसेल तर खांदा आखडलाय, त्याला बहुतेक वेळा व्यायाम आणि धीर लागतो. वर जातो, पण त्यांना स्वतःला तिथे धरवत नाही, असं असेल तर ताकद गेलीय. जे दिसेल ते दोन्ही डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा. मानेची नस दबली तरी खांदा दुखतो, हात दुबळा होतो. धडक मागून बसलीय, तेव्हा मानही तपासून घ्या.

फिजिओ सांगणारे डॉक्टर चुकीचे नाहीत. वयाने झिजून फाटलेले कित्येक टेंडन (स्नायू हाडाला जोडणारे दोर) नुसत्या व्यायामाने कामापुरते सावरतात. पण धडधाकट माणसाचा टेंडन झटक्याने तुटला आणि ताकद गेली, तर वेळ महत्त्वाची. तुटलेलं टोक आत ओढलं जातं, स्नायू वाळतो, त्यात चरबी भरते. मग शिवायला घेतलं तरी टोक हाडापर्यंत पुरत नाही.

माझं तेच झालं. नाशिकच्या द्वारका चौकाजवळ रिक्षा उलटली, आणि मी चौदा महिने तेल, शेक आणि नस बसवणाऱ्याकडे घालवले. शेवटी अर्धंच शिवता आलं. आजही वरच्या फळीवरचा डबा मला काढता येत नाही. हे मला कुणी वेळेत सांगितलं नाही, म्हणून तुम्हाला सांगतेय.

सर्जनना विचारा: टेंडन शिवणार, की नुसतं वरचं हाड घासणार? टेंडन पूर्ण फाटलेला नसताना केलेल्या नुसत्या घासण्याचा ठोस फायदा फिनलंडच्या 2018 च्या अभ्यासात दिसला नव्हता. स्नायूत चरबी किती भरलीय, हेही एमआरआय बघून सांगायला लावा.

आणि दादांना खरं काय ते सांगा. चार ते सहा आठवडे हात झोळीत. मी ते सगळे दिवस आरामखुर्चीत बसून झोपले, वेणी लेक घालायची. ताकदीचे व्यायाम साधारण तीन महिन्यांनी, आणि मांडवाखाली हात वर करून काम करायला सहा महिने किंवा जास्तच. म्हणजे ऑक्टोबरची छाटणी आत्ता ऑपरेशन केलं तरी त्यांच्या हातची नाही. छाटणी उरकून केलं, तर पुढची विरळणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं), शिवाय एप्रिलची खरड छाटणीही जाईल. यंदाचा हंगाम सोडायचा की खांदा, एवढं त्यांना ठरवू दे.

– पंचवटीची ताई

---

ताई,

काल व्हिडिओ कॉलवर केलं. वहिनीने हात धरून कानापर्यंत नेला, अगदी सहज गेला. तिने सोडला तसा तो धपकन मांडीवर पडला. दादा त्या हाताकडे बराच वेळ बघत राहिला.

परवा तो दोन्हीकडे जाऊन आला. हे सांगितल्यावर गंगापूर रोडच्या डॉक्टरांनीही ताकद तपासली आणि ‘मग थांबू नका’ म्हणाले. मान ठीक आहे, चरबी अजून फारशी नाही. पुढच्या गुरुवारची तारीख घेतलीय.

छाटणीला मी तीन आठवडे रजा काढून जातोय. तेव्हा मंडळी, दिवाळीच्या कार्यक्रमाचं साउंडचं काम यंदा दुसऱ्या कुणीतरी घ्यावं, वायरींची पेटी माझ्या गॅरेजमध्ये आहे.

– पिंपळगावकर