मुंबई–लंडन 7,200 किमी, मग विमानाला 10 तास का?

वहीवाला:
अंतराच्या साइटवर मुंबई ते हीथ्रो 7,200 किमी आणि वेळ 8 तास दिसते. जूनच्या तिकिटावर मात्र सुटणार दुपारी 1:00, पोहोचणार संध्याकाळी 6:30. साडेपाच तासांचा फरक मिळवला तर 11 तास होतात! येताना 9 तासांच्या आसपास. खरं काय धरायचं? पुढे लंडनच्या युस्टन स्टेशनहून मँचेस्टरची ट्रेन पकडायची आहे.

रेखावृत्त:
आधी 11 चे 10 करा. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत ब्रिटनची घड्याळं तासभर पुढे असतात, त्यामुळे जूनमध्ये फरक साडेचारच तासांचा.

साइटचे 8 तास म्हणजे 7,200 भागिले 900 (विमानाचा ताशी वेग, किमीत), एवढंच. ते अंतर पृथ्वीच्या गोलावरचं सर्वांत जवळचं. ती रेघ कराचीजवळून इराण, जॉर्जिया, काळा समुद्र आणि थेट युक्रेनवरून जाते. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी 2022 पासून नागरी विमानांना बंद. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्ताननेही भारतीय कंपन्यांना हद्द बंद केली. म्हणजे वळसा आलाच, आणि तो कंपनीगणिक वेगळा.

शेपटीचा वारा:
वळशासकट 7,600 किमी धरू. उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. जाताना सरासरी ताशी 50 किमीचा समोरचा वारा असला तर जमिनीवरचा वेग 850, म्हणजे 8 तास 56 मिनिटं. चढउतारात वेग कमी, त्याची 15 मिनिटं. वर टॅक्सीची, म्हणजे गेट ते धावपट्टी आणि धावपट्टी ते गेट विमान जमिनीवरून चालतं त्याची 40, कारण तिकिटावरची वेळ गेटवरून हलल्यापासून गेटला लागेपर्यंतची असते, चाकं उचलल्यापासूनची नव्हे. झाले जवळपास 9:50. येताना तोच वारा पाठीशी.

जाता-येता वारा फिटंफाट होतो हा मात्र गैरसमज. 900 च्या वेगाला 100 चा वारा असेल तर 7,200 किमीला एकीकडे 9 तास, दुसरीकडे 7 तास 12 मिनिटं. बेरीज 16 तास 12 मिनिटं, बिनवाऱ्याचे 16. उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं, म्हणून तोटा उरतोच. हिवाळ्यात वारे जोरदार, तेव्हा दोन्ही दिशांतली तफावत आणखी वाढते.

वहीवाला:
कळलं. मग 6:30 ला उतरून 8 ची ट्रेन जमेल?

फलाट ९:
नका धरू. हीथ्रोला गर्दी असली की विमानं बोव्हिंग्डन, लँबोर्न, ऑकम, बिगिन या चार ठिकाणी घिरट्या घालत थांबवतात. 10-15 मिनिटं सहज जातात. भारतीय पासपोर्टला ई-गेट (पासपोर्ट आपोआप तपासणारं दार) चालत नाही, म्हणजे इमिग्रेशनची रांग. मग सामानाचा पट्टा. एलिझाबेथ लाईनने टॉटनहॅम कोर्ट रोड, तिथून नॉर्दर्न लाईनने युस्टन, चालण्यासकट तासभर धरा.

विमान गेटला लागल्यापासून ट्रेन सुटेपर्यंत 3 तास हवेत. त्या हिशेबाने 9:30 च्या आधीचं काही नको. स्वस्तातलं ॲडव्हान्स तिकीट ठरलेल्या गाडीलाच चालतं. गाडी चुकली की पैसे गेले. ऑफ-पीक घ्या, ते गर्दीच्या वेळा सोडून कुठल्याही गाडीला चालतं. आणि त्या दिवशीची शेवटची गाडी किती वाजता, ते आजच बघून ठेवा. रविवारी रुळांच्या कामामुळे वेळापत्रक हमखास बदलतं.