शब्दचर्चा : कॅथेड्रल, ॲबे, मिन्स्टर यांना मराठीत काय म्हणावं?

यंदा मे महिन्यात मुलीकडे इंग्लंडला गेले होते. यॉर्क, बेव्हर्ली, डरहॅम, ग्लॉस्टर, सॉल्सबरी आणि लंडन अशी जुनी प्रार्थनास्थळं मन भरून पाहिली. आता प्रवासवर्णन लिहायला बसले, तर पहिल्याच पानावर अडले आहे. 'कॅथेड्रल'ला भव्य चर्च आणि 'ॲबे'ला मठ असं सहज लिहून गेले आणि दुसऱ्या परिच्छेदात तेच शब्द खोटे पडले. बेव्हर्लीचं चर्च चांगलंच भव्य आहे, पण ते कॅथेड्रल नाही. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये एकही संन्यासी राहत नाही. यॉर्कशायरमधल्या फाउंटन्स ॲबेला तर छप्परही उरलेलं नाही. त्यात लंडनमध्ये वेस्टमिन्स्टर ॲबे वेगळं आणि थोड्याच अंतरावरचं वेस्टमिन्स्टर कॅथेड्रल वेगळं! जाणकारांनी मदत करावी.

प्रतिसाद

'भव्य' हा शब्द आधी बाजूला काढा. कॅथेड्रलचा आकाराशी संबंध नाही, खुर्चीशी आहे. ग्रीक 'काथेद्रा' म्हणजे बसण्याचं आसन. ज्या चर्चमध्ये बिशपचं, म्हणजे त्या भागातल्या सगळ्या चर्चच्या प्रमुखाचं, आसन असतं ते कॅथेड्रल. इमारत लहान असो की मोठी. इंग्रजीतला 'चेअर' हा शब्दही याच काथेद्राचा, फ्रेंचमधून झिजून आलेला. विद्यापीठातल्या 'चेअर'ला आपण 'अध्यासन' म्हणतो, तेव्हा नकळत त्याच कल्पनेला हात घालतो.

काथेद्रातला 'हेद्रा' ज्या धातूपासून आला तोच संस्कृतात 'सद्' आहे. सदन, संसद, परिषद, सभासद हे सगळे त्याचेच. त्याच मुळाचा लॅटिन शब्द 'सेदेस', म्हणजे आसन. त्याचं पोर्तुगीज रूप 'से'. जुन्या गोव्यातल्या 'से कॅथेड्रल'मधला 'से' तो हाच! त्या नावात आसन दोनदा आलं आहे.

मुंबईचं उदाहरण तर फार बोलकं आहे. फोर्टमधलं सेंट थॉमस चर्च 1718मध्ये उघडलं. ज्याच्यामुळे चर्चगेट हे नाव पडलं, तेच. ते कॅथेड्रल झालं 1837मध्ये, मुंबईला स्वतःचा बिशप मिळाल्यावर. तेव्हा मराठी शब्द हवाच असेल तर 'पीठ' या अंगानं शोधा. 'शारदापीठ' म्हणताना आपण इमारतीबद्दल बोलत नसतो, अधिकाराच्या आसनाबद्दल बोलत असतो.

प्रतिसाद

ॲबेबद्दल थोडं. 'ॲबट' म्हणजे मठाचा प्रमुख, आणि त्याच्या मुळाशी अरामी भाषेतला 'अब्बा' आहे, म्हणजे बाप. आपल्याकडे मुसलमान घरांतली मुलं वडिलांना 'अब्बा' म्हणतात, तो अरबी कुळातला शब्द याचा सख्खा नातलग. मठाच्या प्रमुखाला 'बाबा' म्हणणं आपल्याला तरी परकं वाटायला नको.

प्रतिसाद

मठ हा अर्थ चुकीचा नाही, फक्त बहुतेक जुन्या ॲबेंच्या बाबतीत तो 1540पर्यंतच खरा आहे. आठव्या हेन्रीनं 1536 ते 1540 या चार वर्षांत इंग्लंडमधले मठ मोडीत काढले. जमिनी गेल्या, छपरांवरचं शिसं उतरवून वितळवलं गेलं. फाउंटन्स ॲबे 1132मध्ये सुरू झालेलं, सिस्टर्शियन पंथाच्या संन्याशांचं. तिथे आज उभ्या भिंती आणि गवत आहे. ट्यूक्सबरीच्या गावकऱ्यांनी मात्र आपलं चर्च 453 पौंड देऊन राजाकडून सोडवून घेतलं. तिथे पूजाअर्चा थांबली नाही आणि नाव ॲबेच राहिलं. मला या सगळ्या इतिहासात ती गोष्ट सर्वांत जवळची वाटते. गावानं वर्गणी काढून देऊळ राखावं, तसंच ते.

ग्लॉस्टरचा मठ मोडला आणि 1541मध्ये तिथे बिशप बसवला, म्हणून ते ॲबेचं कॅथेड्रल झालं. सेंट ऑल्बन्सला हे व्हायला 1877 उजाडलं. आणि वेस्टमिन्स्टर? 1540मध्ये मठ गेला, दहा वर्षं तिथे बिशप होता, मग 1556मध्ये मेरी राणीनं संन्यासी परत आणले आणि 1560मध्ये एलिझाबेथनं ते थेट राजसत्तेच्या अखत्यारीत घेतलं. म्हणजे आज ते मठही नाही, कॅथेड्रलही नाही. वेस्टमिन्स्टर कॅथेड्रल हे कॅथलिकांचं, विटांचं, 1903मध्ये उघडलेलं.

मिन्स्टर हा शब्द लॅटिन 'मोनास्तेरियुम'चा जुन्या इंग्रजीत झिजलेला अवतार. पण झिजता झिजता त्याचा अर्थही सैल झाला आणि पुरोहितांचा समूह जिथे राहतो अशा कुठल्याही मोठ्या चर्चला तो लागला. म्हणून यॉर्क मिन्स्टर हे नाव मठाचं, पद कॅथेड्रलचं.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. ट्यूक्सबरीला गेले नाही याची आता हळहळ वाटतेय.

आतल्या भागांसाठी मी आपल्या देवळांचे शब्द वापरून पाहिले. 'नेव्ह'ला सभामंडप. 'क्लॉइस्टर'ला ओवऱ्या. ग्लॉस्टरच्या त्या ओवऱ्यांत, पंख्यासारख्या उलगडणाऱ्या दगडी छताखाली, मी तासभर नुसती बसून होते. भिंतीत वीस छोटे कोनाडे आहेत. एकेका कोनाड्यात एकेक संन्यासी वाचत बसायचा. 'ओवरी' हा शब्द तिथे मनात आपोआप आला. बरोबर आहे का?

प्रतिसाद

ताई, ओवरी दिसायला अगदी बरोबर, पण वृत्ती उलटी. आपल्या ओवऱ्या येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी असतात, वारकरी तिथे पथारी टाकतो. क्लॉइस्टर हा शब्द 'बंद केलेली जागा' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला. बाहेरचं जग आत येऊ नये म्हणून ते. तरी मी ओवरीच लिहीन आणि एका वाक्यात हा फरक सांगेन. गंमत म्हणजे सॉल्सबरीला मठ कधी नव्हताच, तरी तिथल्या ओवऱ्या तुम्ही पाहिल्यात त्यांत सर्वांत मोठ्या.

नेव्हबद्दल मात्र एक सांगायलाच हवं. तो लॅटिन 'नाविस'पासून, म्हणजे जहाज. आपला 'नौ', 'नौका' त्याच घरचा. आणि इंग्रजीत दुसराही एक 'नेव्ह' आहे, चाकाच्या मधल्या तुंब्याचा. त्याचं संस्कृत भावंडं 'नाभि'. एकाच उच्चाराचे दोन शब्द आणि दोघांचेही नातेवाईक आपल्या घरात!

प्रतिसाद

'चॅप्टर हाऊस' विसरू नका. संत बेनेडिक्टनं मठवासीयांसाठी लिहिलेल्या नियमावलीतला एक अध्याय रोज तिथे वाचला जायचा म्हणून खोलीला ते नाव, आणि पुढे तिथे जमणाऱ्या मंडळालाही तेच नाव. ज्या घरात दासबोधाचा एक समास रोज वाचतात, त्यांना वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. मी 'अध्यायगृह' सुचवते.

धागाकर्ती

'अध्यायगृह' घेतला. कॅथेड्रल, ॲबे, मिन्स्टर तसेच ठेवते आणि पहिल्यांदा येतील तिथे अर्थ उलगडते.

आता एकच अडलं आहे. गाणाऱ्यांच्या लाकडी बैठकांना खालून एक छोटी फळी असते. बैठक उचलली की ती पुढे येते. रात्री-अपरात्रीच्या लांब प्रार्थनेत उभं राहून थकलेला म्हातारा संन्यासी तिच्यावर टेकायचा. तिचं नाव 'मिझरिकॉर्ड', म्हणजे दया. यॉर्कला तिन्हीसांजेची प्रार्थना ऐकताना (तिला तिकीट नसतं, कोणीही जाऊन बसावं) शेजारच्या आजींनी ती मला उचलून दाखवली. समर्थांची कुबडी आठवली. पण कुबडी काखेत, ही पाठीशी. 'दयेची फळी' लिहू, की याहून नेमका शब्द कोणाला माहीत आहे?