मदत हवी आहे: व्यायामानंतर बाबांचं बीपी बरंच उतरतं

बाबा माजी सैनिक, वय ६८. मधुमेह आणि बीपी दोन्ही जुने, मेटोप्रोलॉल (बीटा ब्लॉकर प्रकारची बीपीची गोळी) चालू आहे. रोज ४० मिनिटं चालतात. चालतात म्हणजे काय, परेडच! आणि 'थम' म्हटल्यासारखे एकदम थांबतात.

चालण्याआधी बीपी १३८/८४, थांबल्याबरोबर १६८/८२, अर्ध्या तासाने ११२/७०. तेव्हा गरगरतं. व्यायामात वरचा आकडा चढतो, खालचा फारसा हलत नाही आणि नंतर काही तास बीपी थोडं कमी राहतं, एवढं माहीत आहे. पण गरगरणं?

दुसरं म्हणजे नाडी ९५ च्या वर जात नाही. जास्तीत जास्त ठोक्यांसाठी २२० वजा वय धरलं तर १५२ येतात, म्हणून ते वेग आणखी वाढवतात. बीटा ब्लॉकरमुळे ठोके दाबले जातात, त्यामुळे ते गणित इथे चालत नाही, हे मी सांगून थकले. जुन्या मधुमेहातही नाडी अशी कमी चढते म्हणे.

घरी असं कोणी आहे का? नाडीऐवजी 'चालताना बोलता येतंय का' यावर वेग ठरवता का? शेवटी हळूहळू वेग कमी केल्याने गरगरणं थांबलं का? गोळीची वेळ कोणाच्या डॉक्टरांनी बदलली का? आमची अपॉइंटमेंट गुरुवारी आहे, तोवर वेगाने चालणं बंद ठेवलंय. नोंदी कशा न्याव्यात तेही सांगा.