'पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं' हे वाक्य मुलांना सांगूच नये

समभुज

बीजगणिताला नुकती सुरुवात केलेल्या मुलाला घरी मदत करताना आपण सर्रास म्हणतो, "पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं." माझं ठाम मत आहे की सहावी ते आठवीत हे वाक्य उच्चारूच नये. त्याऐवजी प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारावा: "दोन्ही बाजूंना काय केलंस?"

३क्ष + ५ = २० घ्या. ५ पलीकडे गेले, −५ झाले, ३क्ष = १५. इथवर ते वाक्य चालतं. आता ३ पलीकडे न्यायचे. मुलाकडे नियम एकच आहे, चिन्ह बदलायचं. मग वहीत दोनपैकी एक चूक हमखास दिसते: क्ष = १५ − ३ = १२, नाहीतर क्ष = १५ ÷ (−३) = −५. मूल वेंधळं नाही, ते दिलेला नियम इमानाने पाळतंय. नियमच अपुरा आहे.

"दोन्हीकडून ५ वजा केले, मग दोन्हीकडे ३ ने भागलं" असं म्हणायला लावलं, की ३क्ष म्हणजे ३ गुणिले क्ष हे त्याला मनात आणावंच लागतं. आपल्या जुन्या गणितींनी यासाठी 'समशोधन' हा शब्द वापरला आहे, म्हणजे दोन्ही पक्षांतून सारखंच वजा करणं. उडी मारून पलीकडे जाणारी संख्या त्यात कुठेच नाही.

खडू-डस्टर

पूर्ण असहमत. पक्षांतर, म्हणजे पद चिन्ह बदलून पलीकडे नेणं, ही लघुलिपी आहे, आणि लघुलिपीशिवाय गणित पुढे सरकत नाही. ७क्ष − ४ = ३क्ष + १६ बघा. तुमच्या पद्धतीने: दोन्हीकडे ४ मिळवा, ओळ लिहा. दोन्हीकडून ३क्ष वजा करा, ओळ लिहा. मग संक्षेप, मग भागाकार. पक्षांतराने ७क्ष − ३क्ष = १६ + ४, ४क्ष = २०, क्ष = ५. संपलं. जितक्या ओळी जास्त, तितक्या वेळा पद उतरवताना चूक व्हायची शक्यता जास्त.

तुम्ही दाखवलेली चूक पक्षांतराची नाही, ते अर्धवट सांगितल्याची आहे. नियम पूर्ण सांगा: बेरजेने जोडलेलं पद पलीकडे वजा होतं, वजा असलेलं अधिक होतं, गुणणारी संख्या भागते, भागणारी गुणते. आणि क्रम सांगा: आधी सुटं पद, सहगुणक (क्ष ला गुणणारी संख्या) शेवटी. एवढं सांगितलं तर १५ − ३ कोणी करणार नाही.

कोरा कागद

खडू-डस्टर, चार ओळींचा नियम आणि वर क्रम, हे पाठ करायचं ओझं कमी झालं की वाढलं? 'दोन्हीकडे तेच करा' हे एक वाक्य चारही ओळींचं काम करतं.

खडू-डस्टर

आणि तराजूचं काय करता? पुस्तकात तराजूचं चित्र असतं, पालक तेच धरून बसतात. क्ष + ८ = ३ आलं की तराजू मोडतो. ३ किलोच्या पारड्यातून ८ किलो काढायचे कसे? मुलाला क्ष = −५ हे उत्तर मग खोटंच वाटतं. ५ − २क्ष = ११ मध्ये तर पारड्यात ठेवायला काहीच नाही.

समभुज

तराजूबद्दल तुमचं बरोबर आहे. पहिली आठ-दहा उदाहरणं झाली, सगळ्या संख्या धन होत्या, की तराजू बाजूला ठेवायचा. ऋण संख्या आली की जमाखर्च घ्या: खात्यात ३ रुपये, ८ खर्च केले, शिल्लक −५. पण तराजू गेला म्हणून 'दोन्हीकडे तेच' हे तत्त्व जात नाही.

५ − २क्ष = ११ हे तुम्हीच दिलंत ते बरं झालं. दोन्हीकडून ५ वजा: −२क्ष = ६. दोन्हीकडे −२ ने भागा: क्ष = −३. पक्षांतरवालं मूल इथे २क्ष = ६ लिहितं, कारण ५ च्या पुढे उरलेलं वजा चिन्ह कुणाचं हे त्याला ठाऊक नसतं. चिन्ह पदाच्या डावीकडे असतं आणि ते त्या पदाचंच असतं, हे आधी पक्कं करा. पदांना चिन्हासकट गोल करायला लावा: (५) (−२क्ष) = (११). दोन मिनिटांचं काम आहे.

दीडकी

तुम्ही दोघं जिथे भांडताय तिथे मुलं फार अडकत नाहीत. अडकतात अपूर्णांकांत. (क्ष − १)/३ − (क्ष + २)/४ = १ द्या आणि बघा.

लसावि १२. दोन्ही बाजूंना १२ ने गुणलं की ४(क्ष − १) − ३(क्ष + २) = १२. कंस सोडवला की ४क्ष − ४ − ३क्ष − ६ = १२, म्हणजे क्ष − १० = १२, क्ष = २२. ताळा: २१/३ − २४/४ = ७ − ६ = १.

यात तीन ठिकाणी घसरतात. उजवीकडचा १ तसाच राहतो, मग उत्तर ११ येतं. किंवा दुसऱ्या कंसात −३ गुणिले २ चे +६ होतात, मग उत्तर १०. तिसरी चूक सर्वांत वाईट: डावीकडचे दोन अपूर्णांक दिसले की थेट तिरकस गुणाकार. तिरकस गुणाकार फक्त एक अपूर्णांक = एक अपूर्णांक असं असेल तेव्हाच करायचा असतो, मध्ये वजा चिन्ह असताना नाही.

यातली पहिली आणि तिसरी चूक 'दोन्ही बाजूंना १२ ने गुणलं' असं मोठ्याने म्हटलं की थांबते. दुसरी थांबत नाही. त्यासाठी कंस सोडवायची ओळ वेगळी लिहावीच लागते. तेव्हा इथे मी समभुजच्या बाजूने, पण त्यांच्या पद्धतीने सगळं सुटतं असं नाही.

खडू-डस्टर

मान्य, छेद घालवताना 'दोन्ही बाजूंना गुणा' हेच सांगावं. पण मग शाब्दिक उदाहरणांचं बोला. तिथे तुमची ना ती पद्धत कामाला येते ना माझी, कारण समीकरणच तयार होत नाही. त्यासाठी मुलांना ठरावीक साचे द्यावेत असं माझं मत: वयाचं, नाण्यांचं, दोन अंकी संख्येचं, आयताच्या परिमितीचं. साचा ओळखला की समीकरण मांडता येतं.

दीडकी

साच्यांना माझा सक्त विरोध. साचा शिकवला की मूल वाचायचं थांबतं, नुसते आकडे वेचतं.

वयाचं उदाहरण घ्या. वडिलांचं वय मुलाच्या चौपट आहे, ६ वर्षांनी तिप्पट होईल. साच्यावर शिकलेलं मूल ४क्ष + ६ = ३क्ष + ६ लिहितं आणि क्ष = ० काढतं. सहा वर्षांनी मुलगाही सहा वर्षांनी मोठा होतो आणि तिप्पट त्या *नव्या* वयाची आहे, हे कंसात दिसलं पाहिजे: ४क्ष + ६ = ३(क्ष + ६). क्ष = १२, वडील ४८. सहा वर्षांनी १८ आणि ५४.

इथे साच्यापेक्षा एक छोटी चौकट कामाला येते. दोन ओळी, 'वडील' आणि 'मुलगा'. दोन स्तंभ, 'आज' आणि '६ वर्षांनी'. चारही घरं भरल्याशिवाय बरोबरचं चिन्ह लिहायचं नाही. मदत करणाऱ्याने फक्त 'हे घर रिकामं का?' एवढंच विचारायचं.

दुसरं, भाषा. मराठीत 'एका संख्येतून ७ वजा केले' हे क्ष − ७, आणि '७ मधून एक संख्या वजा केली' हे ७ − क्ष. 'निमपटीपेक्षा ४ ने जास्त' म्हणजे क्ष/२ + ४. 'दीडपट' म्हणजे ३क्ष/२, यात वाद नाही. पण 'तीन पटींनी जास्त' म्हटलं की काही जण ३क्ष घेतात, काही ४क्ष. शिकवणाऱ्याने असं वाक्य देऊच नये. 'तिप्पट आहे' म्हणा आणि मोकळे व्हा.

कोरा कागद

दोन अंकी संख्येच्या उदाहरणात तर आपली भाषा आणखी आड येते. त्रेसष्ट म्हणताना तीन आधी, साठ नंतर. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'साठ तीन' असं वाचन दिलं तेव्हा केवढा वाद झाला होता. त्या वादात मला पडायचं नाही, पण आठवीत दशकस्थानी क्ष मानला तर संख्या १०क्ष + य, हे सुट्या बेरजेत लिहून घ्यावंच लागतं. नाहीतर मुलं 'क्षय' लिहितात आणि तो गुणाकार होतो.

अंकांची बेरीज ९, अंकांची अदलाबदल केल्यास संख्या २७ ने वाढते. दशक क्ष, एकक ९ − क्ष. मूळ संख्या ९क्ष + ९, नवी ९० − ९क्ष. ९० − ९क्ष = ९क्ष + ९ + २७, म्हणून क्ष = ३, संख्या ३६.

आता माझा मुद्दा, जो दोघांनाही पटणार नाही. समीकरण जमत नसेल तर मुलाला आधी अंदाजाने सोडवू द्या. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे ११५० सालच्या ग्रंथात, 'इष्टकर्म' आहेच: एखादी सोयीची संख्या धरा, उदाहरणातल्या क्रिया करा, आणि त्रैराशिकाने खरी संख्या काढा. अज्ञात धरायची सवय तिथूनच लागते.

समभुज

इष्टकर्म मलाही आवडतं, पण मर्यादा सांगून द्या. निम्मी, तिसरा हिस्सा, चौथा हिस्सा मिळून ६५ अशा उदाहरणात ते चोख चालतं. १२ धरा, ६ + ४ + ३ = १३ येतात. ६५ हे १३ च्या पाचपट, म्हणून उत्तर १२ × ५ = ६०. पण वर सुटी संख्या आली की त्रैराशिक कोसळतं, कारण प्रमाणच राहत नाही. दीडकींच्या वयाच्या उदाहरणात एका अंदाजाने काही हाती लागत नाही.

कोरा कागद

एका अंदाजाने नाही, दोन अंदाजांनी लागतं. मुलगा ६ धरा: डावीकडे ३०, उजवीकडे ३६, ६ कमी. मुलगा १० धरा: ४६ आणि ४८, २ कमी. वय ४ ने वाढवलं तर तूट ४ ने घटली. आणखी २ घालवायचे, म्हणून १२. शिवाय अंदाज तपासताना मुलाने हाताने जे केलं, ४ × ६ + ६ आणि ३ × (६ + ६), त्यात ६ वय होतं तिथे क्ष लिहिलं की समीकरण तयार. कंसही आपोआप येतो. शाब्दिक उदाहरणात अडलेल्या मुलाला देण्यासारखी यापेक्षा चांगली मदत मला माहीत नाही.

दीडकी

हे पटलं. चौकटीत आधी आकडा घालून बघायचा, मग क्ष. फक्त वयाच्या ६ ऐवजी ५ धरा, म्हणजे धरलेलं वय आणि 'सहा वर्षांनी' यांतला ६ एकमेकांत मिसळणार नाहीत.

खडू-डस्टर

मी साच्यांवरून थोडा मागे येतो, पक्षांतरावरून नाही. पोरांनी ते कधी वापरायचं ते तरी सांगा. नववीत दोन चलांची समीकरणं येतात, तिथे दर ओळीला 'दोन्ही बाजूंना' लिहीत बसलात तर पेपर पुरा होणार नाही.

समभुज

तीन समीकरणं द्या: ५ − २क्ष = ११, क्ष/३ − ४ = २, आणि २(क्ष + ३) = २क्ष + ५. पहिल्या दोन्हींत ओळ गाळून लिहिलं आणि विचारल्यावर मधली क्रिया बरोबर सांगितली, की पक्षांतर खुशाल वापरू द्या.

तिसरं मुद्दाम आहे. त्यात क्ष निघून जातो आणि ६ = ५ उरतं. पलीकडे न्यायची सवय लागलेलं मूल इथे घाईने क्ष = ० लिहून मोकळं होतं. ६ = ५ हे खोटं आहे, म्हणून या समीकरणाला उकलच नाही, असं मूल स्वतःहून म्हणालं, तर त्याला बरोबरच्या चिन्हाचा अर्थ कळला.

खडू-डस्टर

तिसऱ्याच्या जोडीला २(क्ष + ३) = २क्ष + ६ पण द्या. तिथे ० = ० येतं, आणि ते बघून क्ष = ० लिहिणारे जास्त सापडतील. क्ष च्या जागी १ घालून बघ, मग ७ घालून बघ, एवढंच सांगायचं.