अनुभव धागा : डिजिटल फोटोंचा संग्रह कसा लावला, कसा जपला?

वडिलांच्या निधनानंतर लक्षात आले की घरातील चौघांचे फोन, दोन जुने लॅपटॉप आणि एक पेनड्राइव्ह मिळून हजारो फोटो आहेत, परंतु चौकटीत लावण्याजोगा त्यांचा एक फोटो शोधण्यास आम्हांला दोन दिवस लागले. आपण फोटो कसे लावले, कुठे ठेवले आणि काय गमावले, हे कृपया सविस्तर लिहावे. मुंबईची दमट हवा आणि लहान घरे यांचाही त्यात विचार व्हावा.

कुर्ला

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा आम्ही तळमजल्यावर राहत होतो. सीपीयू टेबलाखाली जमिनीवर होता आणि त्यातील फोटोंच्या सीडी मी त्याच टेबलाच्या खालच्या खणात नीट लावून ठेवल्या होत्या. प्रती काढल्या नव्हत्या असे नाही. मूळ आणि प्रत दोन्ही एकाच पाण्यात गेले. मुलीच्या बारशाचे जे सहा फोटो आज आमच्याकडे आहेत, ते नाशिकच्या मावशींना पाठवलेल्या सीडीवरचे. एकूण तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांपैकी एक घराबाहेर, हा ३-२-१ चा नियम मी पुष्कळ उशिरा वाचला. आता एक प्रत क्लाउडवर (इंटरनेटवरच्या साठ्यात), एक हार्ड डिस्क घरी आणि दुसरी, पासवर्ड घातलेली, ठाण्याला बहिणीकडे असते. भाऊबीजेला दोन्ही डिस्कची अदलाबदल करतो.

गिरगाव

फोटो आपोआप क्लाउडवर जातात म्हणून मी निर्धास्त होतो. आईच्या फोनमध्ये जागा उरली नाही तेव्हा तिने ॲपमधूनच दोन वर्षांचे फोटो पुसले आणि ते क्लाउडवरूनही गेले, कारण एकीकडे केलेला बदल दुसरीकडे जसाच्या तसा उतरवणे हेच सिंकचे काम असते. कचरापेटीची मुदत संपेपर्यंत आम्हां कोणाच्याच ध्यानात आले नाही. आजोबांच्या शेवटच्या गणपतीचे फोटो त्यांत होते. चूक आईची नव्हती. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, हे तिला सांगणे माझे काम होते आणि ते मी केले नव्हते.

मुलुंड

मी मांडणीबद्दल लिहिते. फोल्डरला ‘२०१९-०५-१२ मुंज पुणे’ अशी, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस या क्रमाने नावे द्यावीत, म्हणजे नावांप्रमाणे लावले तरी फोल्डर आपोआप कालक्रमाने लागतात. फोटो काढल्याची तारीख व वेळ फाइलच्या आत एक्झिफ नोंदीत असते आणि तिच्या आधारे डिजिकॅमसारखा मोफत प्रोग्रॅम हजारो फोटो वर्षवार लावून देतो. अर्थात, कॅमेऱ्याचे घड्याळ बरोबर असेल तरच. आमच्या जुन्या कॅमेऱ्याची बॅटरी पूर्ण उतरल्यामुळे तारीख मागे गेली आणि मे महिन्यातल्या कोकणच्या सुट्टीचे सगळे फोटो जानेवारीत जाऊन बसले. रेल्वेच्या तिकिटावरून एका फोटोची खरी वेळ ठरवली आणि तेवढाच फरक सर्व फोटोंना एकदम लावला. मेसेजमधून आलेल्या फोटोंत ही नोंद बहुधा उरत नाही आणि त्यांचा आकारही घटलेला असतो, म्हणून लग्नकार्यानंतर नातेवाइकांना मी मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगते. त्यांना त्याचा थोडा कंटाळा येतो, पण मी आग्रह सोडत नाही.

भांडुप

जुने आल्बम ६०० डीपीआयवर, म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके या प्रमाणात, स्कॅन केले. ४ × ६ इंचांचा फोटो त्यात २४०० × ३६०० पिक्सेलचा होतो आणि पुन्हा छापण्यास पुरतो. वेळ लागला तो माणसे ओळखण्यास. ८६ वर्षांच्या आत्याबाईंना दर रविवारी वीस फोटो दाखवतो आणि त्यांनी सांगितलेली नावे फाइलच्या आतील मथळ्यात लिहितो. केवळ ॲपमध्ये लिहीत नाही, कारण ॲप बंद पडतात. गूगलचे फोटो लावण्याचे पिकासा २०१६ मध्ये बंद झाले. चाळीतल्या १९६८ च्या एका फोटोत मागच्या रांगेतला मुलगा कोण, हे आता फक्त आत्याबाईंनाच ठाऊक होते.

दादर

डिस्क कपाटात ठेवली म्हणजे फोटो सुरक्षित राहिले, असे मी चार वर्षे धरून चाललो. मग ती जोडली तेव्हा नुसता टकटक आवाज आला. लॅमिंग्टन रोडवर दाखवली, तर दुकानदाराचा पहिला प्रश्न होता, “दुसरी प्रत आहे ना?” ती नव्हती, निम्मेच फोटो हाती लागले. तेव्हापासून दोन डिस्क ठेवतो. त्यांवर खरेदीचे वर्ष लिहिलेले असते आणि त्या हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह असतात. पुड्या पावसाळ्याआधी बदलतो. खंडेनवमीला कॅमेरा पूजेत मांडला की त्याच दिवशी दोन्ही डिस्क जोडून प्रत्येक वर्षाचे काही फोटो प्रत्यक्ष उघडून पाहतो. मागच्या खंडेनवमीला एका डिस्कवरचा २०११ चा फोल्डर उघडला नाही. तो दुसरीवरून त्याच दुपारी उतरवून घेतला.